वाडा हलतो

संपतने कागद झटकला, घसा साफ केला आणि ओट्यावर उभं राहून वाचून दाखवलं.

"ही शाळा सन १९२६ साली गेणभाऊंच्या वाड्यात सुरू झाली. वाडा हलत होता, पण शाळा हलली नाही."

एवढंच. दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांपायी त्याचे आठ महिने गेले होते. आठवडाभर जुन्नरच्या बाजारपेठेतल्या बोळात बसून मोटारी भरायच्या, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, आणि सुट्टीच्या दिवशी जुने कागद हुडकत फिरायचं. बारावीला दोनदा आपटलेला पोरगा. पण मोडी लिपी त्याने रद्दीत मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकावरून एकट्याने शिकून घेतली होती. बोरी बुद्रुकच्या अलीकडे चिंचमळा नावाची त्यांची वस्ती. तिथली शाळा किती जुनी हे कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे स्वातंत्र्यानंतरची, कुणी म्हणे बहात्तरच्या दुष्काळातली. संपतने शाळेच्या पेटीतलं शेरेबुक काढलं. शाळा तपासायला येणारे साहेब ज्यात शेरे लिहून जायचे ती वही. त्यातला १९२६ सालचा मोडीतला शेरा त्याने वाचून काढला, आणि वस्तीला एकदम कळलं की आपली शाळा शहात्तर वर्षांची आहे. मग ठरलं, यंदाच्या सव्वीस जानेवारीला शाळेच्या दारात दगड बसवायचा. मजकूर संपतने लिहायचा.

गेणभाऊ म्हणजे संपतचे पणजोबा. मळ्यात माळवदाचा वाडा होता तो फक्त त्यांचाच. अण्णांनी, संपतच्या वडलांनी, तो चौऱ्याण्णव साली पाडून तिथं स्लॅबचं घर बांधलं. तेव्हापासून अण्णांना कुठंतरी टोचतच होतं. आता दगडावर नाव येणार म्हटल्यावर त्यांचं ते टोचणं गेलं होतं. आणि पोराकडं बघायची नजर पण बदलली होती. दोन महिन्यांत त्यांनी संपतला एकदाही "तुझं पुढं काय" असं विचारलं नव्हतं.

"पुन्हा वाच," अण्णा म्हणाले. "ते शेवटचं."

"वाडा हलत होता, पण शाळा हलली नाही."

पायरीवर म्हाळसाबाई बशीतून चहा पीत बसली होती. धनगराची म्हातारी, सत्तरीच्या पुढची. तिच्या मुलाची, जानकूची, मेंढरं अण्णांनी खतासाठी आपल्या मोकळ्या रानात बसवली होती. तिने बशी खाली ठेवली.

"वाडा हलत व्हता म्हंजे?" ती म्हणाली. "वाडा हलायचाच की. हलला न्हाई तर मेंढरं काय माती खात्याल?"

"म्हातारे, तुझा वाडा न्हवं," अण्णा हसले. "आमचा. माळवदाचा."

"माळवदाचा कसा हलंल? भुईकंप झालाता का?"

"जुना झालाता. भिंती हलायच्या."

"आन् त्यात पोरं बसवली व्हय? कुनाची पोरं बसवली? तुमची न्हाई बसवायचे तुमी." तिने बशी पुन्हा उचलली. "शाळा आमच्या वाड्यात व्हती. मामंजींच्या. राघूचा वाडा म्हनायचे. आमचं धनी तितंच बाराखडी शिकलं. मास्तर मेंढरांमागं चालायचा, आन् पोरं मास्तरामागं."

"बरं, बरं. च्या पी."

"पितेच हाय की," म्हाळसाबाई म्हणाली. "परवा हलतोय आमी. बेल्ह्याच्या अंगाला."

हलतोय आमी. संपतच्या हातातला कागद तसाच राहिला. धनगराचा वाडा म्हणजे काय हे त्याला काय माहीत नव्हतं? जन्मापासून बघत होता. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, गोल लावायचं, आत मेंढरं, बाहेर पालं, घोडी, कुत्री, कोंबड्या. चार रात्री ह्या रानात, चार रात्री त्या. वाडा बसला, वाडा हलला, असंच सगळे बोलतात. तो स्वतः बोलायचा. "जानकूचा वाडा हलला का रं?" असं त्याने परवाच कुणाला तरी विचारलं होतं. फक्त ते बोलणं आणि हा कागद त्याने कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

जेवताना आईने दोनदा भाकरी वाढली का एकदाच, ते त्याला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्नरला त्याने एका मोटारीच्या गुंडाळ्याला अठ्ठेचाळीस वेढ्यांच्या जागी बावन्न वेढे दिले. शेठने नुसतं बघितलं. संपतने सगळी तार उलगडली, पुन्हा मोजायला बसला, एकवीसला चुकला. "मला जरा शाळेत काम आहे," असं सांगून तीनच्या एसटीने निघाला. नारायणगावला गाडी बदलताना त्याला बसवेना. सीट मिळूनही तो दारात उभा राहिला.

शाळेच्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई कुलूप लावत होत्या.

"बाई, शेरेबुक. पाच मिनिटं."

"आता काय राहिलं त्यात? दगड तर कोरायला गेला ना?"

"बघायचंय जरा."

बाईंनी कुलूप काढलं. पत्र्याच्या पेटीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि स्वतः खिडकीत उभ्या राहिल्या. संपतने पान उघडलं. हे पान त्याला पाठ होतं. शाळा वाड्यात भरते. वाडा हलतो, सबब हजेरी कमीजास्त होते. मंदिराचे आवाजाने धडा ऐकू येत नाही. शिक्षकांनी बंदोबस्त करावा.

वाड्याचा मालक कोण, ते साहेबाने लिहिलंच नव्हतं. गेणभाऊंचं नाव संपतने घातलेलं. मळ्यात वाडा एकच, मग दुसरा कुणाचा असणार? त्यात खोटं काही नव्हतं, असं त्याला कालपर्यंत वाटत होतं.

"बाई, वाडा हलतो म्हणून पोरांची हजेरी कमीजास्त का होईल?"

"पडेल म्हणून भीत असतील."

"मग कमीच होईल. जास्त कशी होईल?"

बाई टेबलाशी आल्या. "आणि हे मंदिराचं काय? तू म्हणाला होतास मारुतीच्या देवळात भजन चालायचं. मला तेव्हाच वाटलं होतं, भर अकरा वाजता कोण भजन करतंय?"

संपतने वही उजेडाला धरली. मोडी लिहिणारा माणूस हात उचलत नाही, शब्द तोडत नाही, मात्रा, वेलांटी, टिंब दिलं तर दिलं. ज्या अक्षराला तो आठ महिने द म्हणत होता त्याचं पोट जरा जास्तच फुगलेलं होतं. तो ढ होता. मंदिराचे नव्हतंच ते.

"मेंढरांचे," तो म्हणाला. "मेंढरांचे आवाजाने धडा ऐकू येत नाही."

पुष्पाबाईंना हसू आलं, पण त्याचं तोंड बघून त्यांनी ते पदराआड घेतलं.

पुढच्या पानावर १९२७ चा शेरा होता. तो त्याने मागेच वाचला होता आणि बाजूला ठेवून दिला होता. शाळा मागील भेटीचे जागी आढळली नाही. शोधावी लागली. संपतला तेव्हा वाटलं होतं, साहेब वाट चुकला असेल, चिंचमळा सापडणं तसं अवघडच आहे.

"सांगितलंस का अण्णांना?" बाईंनी विचारलं.

"नाही. अजून पक्कं कुठं आहे?"

"तुला पक्कं पाहिजे का कच्चं पाहिजे?"

त्याने वही मिटली. शेऱ्याच्या तळाशी शिक्षकाची सही होती, आणि पुढं गाव. मुक्काम तळेघर. तेवढं त्याने हातावर लिहून घेतलं, जसं काही ते विसरायला होणार होतं.

घरी आला तर अण्णा कांद्याला पाणी धरायला गेलेले. संपत गोठ्यात शिरला. जुना वाडा पाडला तेव्हा त्याचं लाकूड असंच इकडंतिकडं लागलं होतं, आणि दाराच्या चौकटीची वरची फळी, मधोमध गणपती कोरलेली, गोठ्यात गव्हाणीला आडवी टाकली होती. नऊ वर्षं बैलांनी तिच्यावर माना घासल्या होत्या. गणपतीच्या खाली काहीतरी कोरलेलं आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. गावोगावचे कागद हुडकत हिंडला, पण घरची फळी वाचायचं त्याला सुचलं नव्हतं. खिशातल्या टेस्टरने त्याने वाळलेलं शेण खरवडलं. आधी श निघाला. मग के. मग आकडे.

शके १८५६.

अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. एकोणीसशे चौतीस. त्याने तीनदा मिळवले. एकोणीसशे चौतीस. शाळा सुरू झाली तेव्हा गेणभाऊंचा वाडाच नव्हता. हलणार काय?

बैल त्याच्याकडं बघत होता. संपतने खालचं ओलं शेण हाताने परत फळीवर थापलं. का थापलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पाथरवटाचं दुकान जुन्नरला ओढ्याच्या कडेला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी तिथंच गेला. दगड तयार होता. काळा, घोटीव, त्यावर संपतची दोन वाक्यं अशी बसली होती की जणू दगडातूनच उगवलीत.

"कसा झालाय?" पाथरवट म्हणाला. "पण शाळा हलली नाही. लई भारी लिवलंय राव. कोरताना मलाच बरं वाटत व्हतं."

"यात जरा बदल करायचा असला तर?"

"खोडायला ही काय पाटी हाय का?"

"समजा नाव बदलायचं असलं."

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. "अण्णांना इचारलं का?"

"नाही."

"मंग अण्णांना घिऊन ये. पनजोबाचं नाव काढायचं म्हंजे काय मोटारीचा वायसर हाय?"

अण्णांना सांगायचं तर एसटीने सरळ घरी जायचं होतं, पण संपतने त्याआधी तळेघर गाठलं. म्हाळसाबाई खोटी निघावी, मास्तराच्या घरचं कुणीतरी भेटावं आणि म्हणावं की नाही बाबा, शाळा गेणभाऊंच्या दारातच भरायची, कुठल्यातरी छपरात का होईना. एवढी एकच आशा होती. घोडेगावला दीड तास गाडी नव्हती. तो स्टँडवर बसला नाही, बाहेरच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिला. मिळाली ती गाडी डिंभ्याच्या पाण्याकडेने वळणं घेत वर चढली. तळेघरच्या वस्त्या लांब लांब, उतरून तास-दीड तास चालावं लागलं. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती, बांधांवर पेंढ्याच्या गंजी. वाटेत भेटेल त्याला तो मास्तराचं नाव विचारत होता. तिसऱ्या माणसाने सांगितलं, मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली, पण त्यांची लेक आहे. चिमाबाई. ऐंशीच्या पुढं असंल. कान चांगलेत, डोळे गेलेत.

चिमाबाई उन्हात बसून नाचणी पाखडत होती. सूप हातात, नजर कुठंतरी वर.

"कोन पावणं?"

"चिंचमळ्याहून आलोय आजी. बोरीकडनं. शाळेचं विचारायला."

सूप थांबलं. "आत्ता आला व्हय? आमचा बा मेला तवा कोनी आलं न्हाई."

"मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"मंग माफ हाय," ती म्हणाली. "बस. सर वाईच नाचनीपासनं लांब."

तो बसला, परत उठला, परत बसला. शाळा कुठं भरायची, एवढंच त्याने विचारलं. राघूचं नाव घेतलं नाही, गेणभाऊंचंही नाही. आपल्या तोंडून एकही नाव गेलं तर तिचं उत्तर वाकडं व्हायचं.

"भरायची कुटली? चालायची," चिमाबाई म्हणाली. "मी सा वरसांची आसंल. बा मला येकदा संगं घिऊन गेला. धनगराच्या घोड्यावर बसवलं. म्होरं फळा, मागं मी. फळा उलटा बांधायचे, लिवलेलं आतल्या अंगाला. म्हंजे वाटंनं पुसत न्हाई. संध्याकाळी वाडा बसला की फळा सोडायचा, तर कालची गनितं तशीच."

"पण धनगराच्या वाड्यात का? मळ्यात जागा नव्हती का?"

"जागा लई व्हती. मान्सं आज देतो उद्या देतो म्हनायची. पोरांनी धूळ व्हती, आरडाओरडा व्हतो. आन् बारा पोरं पटावर न्हाई झाली तर शाळा बंद, आसं सायबानं सांगितल्यालं. राघू धनगराची आन् त्याच्या भावांची मिळून सात पोरं व्हती. ती वाड्यासंगं हिंडायची. त्यांना सोडलं तर पट भरत न्हाई. मंग बानं काय केलं, पोरं शाळंत येत न्हाईत तर शाळा पोरांत नेली. मळ्यातली पाच-सा यायची मागनं, वाडा जवळ आसंल तवा."

जवळ असेल तेव्हा. हजेरी कमीजास्त होते. संपत खाली बघत राहिला. जमिनीवर सांडलेली नाचणी एक मुंगी ओढत नेत होती.

"तितं येक गेनू व्हता," चिमाबाई म्हणाली.

संपतची मान वर झाली.

"बा लई सांगायचा त्याचं. वाडा सगळ्यांच्या रानात चार रात्री बसायचा, खतापुरता. ह्या गेनूच्या रानात म्हैना म्हैना बसायचा. राघू म्हनायचा, गेनभाऊ, आता रान काळं पडलं, किती खत घालशील, जाऊ दे की. हा म्हनायचा, ऱ्हाऊ दे अजून आठ दिस, त्यो कोपरा ऱ्हायलाय."

"कशासाठी? खतासाठी?"

"मला काय ठावं? बाला बी कळलं न्हाई. बा म्हनायचा, गेनूला खत पायजे आन् मला पोरं, दोघांचं भागतंय." ती हसली. तिला खालचे दोनच दात होते. "त्याचं पोरगं बिरगं काय शाळंत न्हवतं. लगीन बी न्हवतं झालं बग त्याचं तवा. तू कोनाचा?"

संपतला वाटलं, सांगू नये. "गेणूचाच," तो म्हणाला. "पणतू."

चिमाबाईने हात पुढं केला. तिला हात द्यायचा असेल म्हणून त्याने हात पुढं केला, तर तिने त्याच्या तळव्यावर मूठभर नाचणी ठेवली आणि म्हणाली, "चाव. वाट लांब हाय."

अण्णांना त्याने गोठ्यातच गाठलं. उभ्या उभ्या, एका दमात, शेरेबुकातला ढ, तळेघर, घोड्यावरचा फळा, सगळं ओतून टाकलं. बोलताना तो गव्हाणीपासून दारापर्यंत जात होता आणि परत येत होता. अण्णा वैरण टाकत होते. त्यांनी वैरण टाकायची थांबवली नाही.

"झालं?" ते शेवटी म्हणाले.

"झालं."

"आठ म्हैने घरचा इतिहास धुंडत व्हतास. आन् घरच्याच मान्साचं नाव काढायला निगालास." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "गावजेवनाला मी मान्सं सांगितलीत. पावण्यांना सांगितलंय. आता काय सांगू, आमचं येडं चुकलं म्हनून?"

"मी चुकलो असंच सांगा. खरंच चुकलो."

"म्हाताऱ्या, आंधळ्या बायांवर इस्वास. घरच्या वाड्यावर न्हाई."

संपतने टेस्टर काढला आणि फळीवरचं शेण खरवडलं, दुसऱ्यांदा. अण्णा जवळ आले. त्यांनी धोतराच्या सोग्याने उरलेलं पुसलं, वाकून आकडा वाचला. शके-सन त्यांना जमत होतं, पंचांग घरात तेच वाचायचे. त्यांचे ओठ हलले. मग ते गव्हाणीच्या कडेवर बसले.

बैल पुढं आला आणि फळीवर मान घासायला लागला.

"आमच्या दादांचा जन्म चौतीसचा," अण्णा म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील, गेणभाऊंचा मुलगा. "लहानपनी शंभरदा सांगायचे मला. ह्या वाड्यात पयलं बारसं माजं झालं. चुना वला व्हता म्हनून पाळना अंगनात टांगला." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "मला ठाऊकच व्हतं की रं हे. तू कागद वाचून दाखवलास तवा बी ठाऊक व्हतं. कधी मिळवून बगितलं न्हाई."

"आता?"

"आता काय. राघूचं नाव घाल." ते उठले, दाराशी जाऊन थांबले. "गेनभाऊंचं काढू नको मातर. रान आपलं व्हतं. म्हैना म्हैना बसवायचे म्हनली न्हवं ती म्हातारी?"

"हो."

"मंग रान तरी लिव."

पाथरवटाने दगडाकडं बघत दोन विड्या ओढल्या. नवा दगड आणून कोरायला दिवस नव्हते. शेवटी त्याने कोळशाने खूण केली. गेणभाऊंच्या आणि वाड्यात, ह्या दोन शब्दांच्या मध्ये, खाली, वहीत पोरं राहिलेला शब्द घालायला काढतात तसलं टोपडं. आणि त्याच्यावर, ओळीच्या वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात नवे शब्द. खालच्या वाक्यातला 'पण' आणि शेवटचा 'नाही' त्याने छिन्नीने उडवले. तिथं दोन पांढरट खड्डे राहिले.

"माझ्या हातनं आसलं काम कधी झालं न्हवतं," तो म्हणाला. "तुझं नाव कुटं घालू नको यात. माझं बी नको."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, दगडावरचं कापड निघालं आणि सगळे वाचायला लागले.

ही शाळा सन १९२६ साली गेणभाऊंच्या रानात बसलेल्या राघू धनगराच्या वाड्यात सुरू झाली. वाडा हलत होता, खड्डा, शाळा हलली, खड्डा.

"आता पोरांना कुठल्या तोंडानं सांगू, वहीत खाडाखोड करू नका म्हणून?" पुष्पाबाई संपतच्या कानाशी म्हणाल्या. कुणीतरी मागून म्हणालं, संपतराव, मोटार उलटी फिरली वाटतं. माणसं हसली. अण्णा पहिल्या रांगेत होते. एका पावण्याने वाचून झाल्यावर त्यांच्याकडं वळून गेणभाऊंचं कौतुक सुरू केलं, तर ते म्हणाले, "वर बारीक लिवलंय, ते बी वाचा."

संपतला मात्र राहवत नव्हतं. ज्यांच्यासाठी एवढं केलं ते कुणीच तिथं नव्हतं. जानकूचा वाडा आठवड्यापूर्वीच हलला होता, आणि निरोप कुठं द्यायचा हेच कुणाला माहीत नव्हतं. जेवणाच्या पंगती बसायच्या आत त्याने दगडावर एक मोठा कागद धरला, वरून पेन्सिल आडवी घासली, सगळी अक्षरं कागदावर उठवली, गुंडाळी केली आणि अण्णांची एम-ऐंशी गाडी काढली.

बेल्ह्याच्या अलीकडे एका रानात त्याला काळी पडलेली माती, लेंड्या आणि खुंट्यांची गोल भोकं सापडली. तीन दगडांची चूल, राख गार. रानवाला म्हणाला, "आरं, चार दिस झाले. साळवाडीच्या अंगाला गेला आसंल." साळवाडीला कुणी म्हणालं, आण्याच्या घाटाखाली बघ. मधेच एका चहाच्या टपरीवर थांबून विचारताना त्याच्या एकदम लक्षात आलं की १९२७ साली कुणी एक साहेब पण असाच विचारत हिंडला असेल. राघूचा वाडा कुठं बसलाय, मला त्याची शाळा तपासायचीय.

आणे घाटाच्या पायथ्याला, दुपार कलताना, त्याला वाडा दिसला. दिसला तेव्हा तो उठतच होता. घोड्यांवर बिऱ्हाड चढत होतं, जानकू मेंढरं पुढं काढत होता, म्हाळसाबाई वाघरीच्या खुंट्या उपटत होती.

"ह्यो बगा आला," ती म्हणाली. "काय, मोटार जळाली का कुनाची?"

त्याने गुंडाळी उलगडली. वारा होता, कागद फडफडला. म्हाळसाबाईने दोन्ही हातांनी दुसरी बाजू धरली आणि त्याने बोट फिरवत वाचून दाखवलं.

"परत वाच."

त्याने परत वाचलं.

"मामंजींचं नाव कुटलं ह्यातलं?"

"हे. वरचं."

"वर का? खाली जागा न्हवती?"

"आधी राहिलं होतं, आजी," संपत म्हणाला. "चुकलो होतो. मागनं घातलं."

म्हाळसाबाईने डोळे बारीक करून त्या पेन्सिलीच्या काळ्या पट्ट्याकडं बघितलं. "मंग बरुबर हाय. मामंजी मागनंच चालायचं. म्होरं मेंढरं, मागं त्ये." तिने बोट खड्ड्यांवर ठेवलं. "आन् हितं काय पडलं?"

"तिथं मी काहीतरी जास्तीचं लिहिलं होतं."

"बरं केलंस काढलंस." तिने कागदाची पुन्हा गुंडाळी केली आणि हातात तोलत उभी राहिली. "दिला खरा, पन लावू कुटं? वाड्याला भिंत न्हाई माजे बाबा."

तिने इकडंतिकडं बघितलं. मग ती घोड्याकडं गेली, बांधलेल्या वाकळांच्या घडीत, आतल्या अंगाला, ती गुंडाळी सारली आणि दोरी ओढून घेतली. जानकूने लांबून हाळी दिली, उन्हं चालली म्हणून. पुढची मेंढरं रस्त्याला लागली होती.

"नुसता हुबा काय ऱ्हातोस," म्हाळसाबाई म्हणाली आणि वाघरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धर. तान देऊन धर, न्हाईतर गुता व्हतो."

संपतने जाळीचं टोक ताणून धरलं आणि ती घड्या घालत त्याच्याकडं चालत यायला लागली.